अकरा त्रिशूळ आणि दोन काठ्या

जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, दोन ट्रेकिंग पोल आडवे ठेवलेले होते. नवे कोरे, मनगटात अडकवायच्या निळ्या पट्ट्यांसकट. अनंतराव पिंपळखुटे आंघोळ करून आले, त्यांनी ते पाहिले आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. त्या टोकाला ते गेल्या कित्येक वर्षांत बसले नव्हते, कारण तिकडे पंख्याचा वारा पोचत नाही.

"तुमच्यासाठी मागवलेत," विजयाबाई म्हणाल्या. "पचमढीला."

"मला काठी लागत नाही."

"काठी नाही हो. पोल."

"नाव बदललं म्हणून काठीची वेल होत नाही," अनंतराव म्हणाले आणि त्यांनी वरणात मीठ नसतानाही ते छान झालंय असं सांगून टाकलं.

आता खरं सांगायचं तर अनंतरावांना काठीची भीती नव्हती. काठीच्या मागून जे येतं त्याची होती. आधी हातात काठी येते. मग लोक बसमध्ये उठून जागा देतात. मग आपल्याशी मोठ्यांदा बोलायला लागतात. आणि शेवटी एक दिवस आपल्यासमोर आपल्याच बायकोला विचारतात, 'हे काय काय खातात?' अनंतरावांनी आपल्या वडिलांचं हे सगळं क्रमाने होताना पाहिलं होतं. नागपूरची राजधानी गेली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला आलेला तो ताठ कण्याचा माणूस, पण एका काठीने त्याचा दोन वर्षांत 'आजोबा' करून टाकला.

आणि गुडघा तर दुखत होताच. दिवाळीत आकाशकंदील लावताना स्टुलावरून उतरायची एक पायरी चुकली, तेव्हापासून उजवा. पण ही गोष्ट त्यांनी घरात कुणाला कळू दिली नव्हती. खुर्चीतून उठताना तोंडातून 'आई गं' निघू पाहायचं, तर ते वरच्या वर त्याचं 'हर हर महादेव' करायचे. दिवसातून पंधरा-वीस वेळा. तुलसी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये (क्वार्टर आता मुलीच्या, अदितीच्या नावावर होतं) सगळ्यांची समजूत झाली होती की निवृत्तीनंतर बाबा देवाकडे वळले.

काठ्यांचा प्रश्न आत्ताच निघायला कारण होतं अशोक बोकाडे. अशोक एके काळी अनंतरावांच्या हाताखाली होता. निवृत्त झाल्यावर त्याने दहा मराठी माणसांचा भटकंतीचा गट काढला, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि मोबाइलवर सूचना काढायला सुरुवात केली. पचमढीच्या चार दिवसांच्या सहलीची सूचना क्रमांक सात अशी होती: चौरागडाच्या चढाईसाठी पासष्टच्या वरील सदस्यांना दोन ट्रेकिंग पोल सक्तीचे, ज्यांच्याकडे नसतील त्यांनी पायथ्याशी महादेवाच्या गुहेपाशी थांबावे. गटात पासष्टच्या वर एकटे अनंतराव होते. बाकी सगळे चौसष्टचे. त्यांतले काही चार-चार वर्षांपासून चौसष्टचे होते.

जेवण होईपर्यंत दोन्ही बाजू मांडून झाल्या. विजयाबाईंनी सांगितलं की पोलमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो, त्यांनी व्हिडिओ पाहिलाय. अनंतराव म्हणाले, मावळे काय पोल घेऊन गड चढत होते? विजयाबाई म्हणाल्या, मावळे एकोणसत्तरचे नव्हते. अदिती ऑफिसला निघता निघता दारातून म्हणाली, "बाबा, वो सब ठीक है, पण मावळ्यांना सूचना क्रमांक सात आली नव्हती."

ताट उचलताना विजयाबाई जे बोलल्या ते मात्र अनंतरावांना लागलं. लग्नानंतर ती दोघं सात वेळा पचमढीला गेली होती. सातही वेळा सरकारी दौऱ्यावर, सरकारी जीपमधून. चौरागडाचा डोंगर विजयाबाईंनी सातही वेळा लांबून, हात डोळ्यांवर धरून पाहिला होता.

"या वेळी मला वर जायचंय," त्या म्हणाल्या. "पण दोघांनी. तुम्ही खाली बसणार असाल तर मी पण खालीच बसेन. माकडांना चणे घालू."

म्हणजे काठी घेतली तर म्हातारपण सगळ्या गटासमोर जाहीर. नाही घेतली तर विजया आठव्यांदा खालीच. आणि हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी तो हजारावर पायऱ्यांचा डोंगर त्या गुडघ्याने आधाराशिवाय चढणं शक्य नव्हतं. आधार तर हवा, पण तो आधार दिसायला नको.

दोन दिवस अनंतराव विचार करत फिरले आणि तिसऱ्या दिवशी, दाढी करता करता, त्यांना लहानपण आठवलं. टी. टी. नगरच्या त्यांच्या घरी शिवरात्रीच्या सुमाराला विदर्भातली नातेवाईक मंडळी हमखास उगवत. निघायची ती चौरागडाच्या महादेवाला नवसाचे त्रिशूळ वाहायला. पण इटारसीला गाडी बदलायची ती झोपेत राहून जायची आणि मंडळी थेट भोपाळला उतरायची. त्यात ऐंशी ऐंशी वर्षांचे म्हातारे असत. हातात पुरुषभर उंचीचे त्रिशूळ. आणि त्या म्हाताऱ्यांना आजवर एकानेही विचारलं नव्हतं की बुवा, पाय दुखतात का? लोक उलट त्यांच्याच पाया पडत.

काठीवाला म्हातारा असतो. त्रिशूळवाला भक्त असतो. अनंतरावांनी अर्ध्या दाढीचा साबण पुसला आणि चप्पल घातली.

टी. टी. नगरच्या बाजारामागे एक वेल्डिंगचं दुकान आहे. तिथल्या कारागिराने आयुष्यात शेकडो त्रिशूळ केले होते, पण गिऱ्हाइकाने त्रिशुळाचं माप स्वतःच्या अंगाला लावून द्यावं, हे तो पहिल्यांदाच पाहत होता. अनंतरावांनी एका पाइपवर रेलून, चार पावलं चालून, उंची पक्की केली. वरून वीतभर खाली हाताची पकड हवी, तिच्यावर सायकलच्या मुठीचं रबर हवं, असं सांगितलं. इथपर्यंत कारागीर गप्प होता.

"और नीचे भी रबर लगाना," अनंतराव म्हणाले.

"नीचे किसलिए, बाबूजी? भोलेनाथ फिसलेंगे क्या?"

अनंतरावांनी त्याला मंदिराच्या फरशीचं कारण सांगितलं. ते त्याला पटलं नाही, पण रबर त्याने लावलं.

त्रिशूळ घरी आला आणि विजयाबाईंनी नुसतं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवस?" त्यांनी विचारलं. अनंतराव म्हणाले, हो, जुना आहे. "कशाचा?" नवस सांगायचा नसतो, असं अनंतरावांनी उत्तर दिलं, आणि ते इतकं चांगलं उत्तर होतं की पुढचे आठ दिवस त्यांना दुसरं उत्तर शोधावं लागलं नाही. विजयाबाईंनी पोल उचलले. "मग हे वाया कशाला घालवायचे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते स्वतःच्या सामानात ठेवून दिले.

अशोकला कळवलं तेव्हा तो बराच वेळ ऑनलाइन दिसत राहिला. मग सूचना क्रमांक आठ आली: नवसाचा त्रिशूळ नेणाऱ्या सदस्यांना सूचना क्रमांक सातमधून सूट. अनंतराव त्या रात्री फार सुखाने झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची कल्पना शेवडे खाली आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"काका, आमच्या सासूबाईंनी बोललेला आहे. ह्यांच्या जन्माच्या वेळचा," ती म्हणाली. "आता ह्यांचे केस पांढरे झाले, पण जाणंच होत नाही बघा. तुम्ही जाताच आहात तर."

वर्तमानपत्रात हातभर लांबीचा त्रिशूळ होता. अनंतरावांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण महादेवाच्या माणसाने नाही म्हणायचं नसतं, असं कल्पनाच म्हणाली आणि चहा न घेता गेली.

आता भोपाळातल्या वैदर्भीय घरांचं असं आहे की प्रत्येक घरात महादेवाचा एक तरी नवस तुंबलेला असतोच. कुणाचा नोकरीचा, कुणाचा बदली टळल्याचा, कुणाचा आणीबाणीच्या आधीचा आणि कशाचा होता ते विसरलेला. या सगळ्यांना इतकी वर्षं फक्त जाणारा माणूस मिळत नव्हता. तो आता तुलसी नगरात मिळाला, ही बातमी मोठ्या साहेबांच्या बंगल्यांच्या चार इमलीपर्यंत जायला एक दिवस लागला. चार इमलीतून तर बंगल्यावरचा शिपाई गाडी घेऊन आला आणि पितळी त्रिशूळ देऊन सही घेऊन गेला. आठ दिवसांत कोपऱ्यात दहा त्रिशूळ जमले. सात वीतभर-हातभर, तीन कमरेएवढे. त्यातला सगळ्यात जाड अशोकचा होता. तो संध्याकाळी अंधार पडायच्या बेताने आला, घड्याळावर हात झाकून म्हणाला, "अनंतभाऊ, हिच्या, अपर्णाच्या ऑपरेशनच्या वेळी बोललो होतो. कुणाला सांगू नका. तिला तर नकोच."

दहा आणि स्वतःचा एक. दोन हलक्या काठ्या नकोत म्हणणाऱ्या माणसाकडे अकरा लोखंडी त्रिशूळ झाले. तरी अनंतराव डगमगले नाहीत. दहा खांद्यावर टाकू, अकरावा हातात टेकत जाऊ. गणित साधं होतं.

सहलीच्या सकाळी बस सुटता सुटता कल्पना धावत आली आणि तिने त्या गणितातला हातचा काढून घेतला.

"काका, एक राहिलंच सांगायचं. आमच्या घरी असं आहे की बोललेला त्रिशूळ वर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की सासूबाईंना कळतं."

"कसं कळतं?"

"त्यांची दाढ दुखते."

ते शेवड्यांच्या घरचं झालं, माझ्या त्रिशुळाचं काय, असं अनंतराव म्हणणार होते. पण मागच्याच सीटवर अशोक बसला होता आणि त्याने ते ऐकलं होतं. होशंगाबाद येईपर्यंत, म्हणजे आता ज्याला नर्मदापुरम् म्हणतात ते येईपर्यंत, सूचना क्रमांक नऊ निघाली: वर पोचेपर्यंत कोणताही त्रिशूळ जमिनीला टेकवू नये.

चौरागडाचा रस्ता महादेवाच्या गुहेपासून सुरू होतो. आधी जंगल, मग पायऱ्या, मग पायऱ्या संपल्या असं वाटेपर्यंत पायऱ्या आणि मग खऱ्या पायऱ्या. अनंतरावांच्या खांद्यावर उपरण्यात बांधलेली अकरा त्रिशुळांची मोळी. दोनदा त्यांनी आपला रबरवाला त्रिशूळ मोळीतून हळूच ओढून पाहिला. दोन्ही वेळा अशोक मागून म्हणाला, "भाऊ, सांभाळून. टेकेल." त्याने मोळी घ्यायची तयारीही दाखवली, पण तोवर समोरून उतरणारे लोक अनंतरावांना हात जोडायला लागले होते, एका बाईने तर पायाला हात लावला होता. आता मोळी दुसऱ्याच्या खांद्यावर देणं बरं दिसलं नसतं.

आणि शेजारून विजयाबाई चालल्या होत्या. टक् टक्, टक् टक्. दोन्ही पोल अगदी व्हिडिओतल्यासारखे, पायाच्या उलट हात. चढावर त्या अनंतरावांच्या चार पायऱ्या पुढे जात आणि थांबून वाट पाहत. अनंतराव एरवी बायकोकडे इतकं टक लावून पाहत नसत. आज ते तिच्या हातांवरून नजर काढत नव्हते. प्रत्येक वळणावर 'हर हर महादेव' होत होतं आणि ते इतकं काळजातून येत होतं की गटातल्या दोघीतिघींचे डोळे भरून आले.

वर पोचायला सव्वातीन तास लागले. वर हजारो त्रिशूळ होते, नवे, गंजलेले, कठड्यांना टेकलेले, एकमेकांत अडकलेले. विजयाबाईंनी कठड्याशी उभं राहून खालचं सगळं पाहिलं. एवढे दिवस जिथून वर पाहिलं ती जागा त्यांनी वरून शोधली आणि सापडल्यावर अनंतरावांना दाखवली. अनंतरावांना ती दिसली नाही, पण विजयाबाईंचा चेहरा दिसला आणि त्यांना वाटलं, फिटलं सगळं. त्यांनी एकेक त्रिशूळ नाव घेऊन ठेवला. शेवडे, देशकर, चार इमली. अशोकचा ठेवताना नाव मनात घेतलं. शेवटी स्वतःचा ठेवला. खांदा हलका झाला आणि ते उतरायला वळले.

चढताना छातीचं काम असतं. गुडघ्याची खरी गाठ पडते ती उतरताना. हे व्हिडिओत होतं, पण तो अनंतरावांनी पाहिला नव्हता. पहिल्याच पायरीला उजव्या गुडघ्याने असा काही सूर लावला की त्यांना महादेव आठवलाच नाही, सरळ आईच आठवली. ते माघारी आले. त्रिशुळांच्या राशीजवळ गेले, इकडे तिकडे पाहिलं आणि आपल्या त्रिशुळाच्या रबरी मुठीला हात घातला.

"बाबूजी," पुजारी मागून म्हणाला, "चढ़ाया हुआ वापस नहीं ले जाते."

"देख रहा था, ठीक से रखा है ना."

"रखा तो ठीक है. नीचे रबर क्यों है?"

अनंतराव तिथून निघाले. पायरीशी आले. आणि अडचणीत सापडलेल्या माणसाला कधी कधी जे सुचतं ते त्यांना सुचलं. त्यांनी कठडा धरला, तोंड मंदिराकडे केलं आणि उलटं पाऊल खाली टाकलं. गुडघा गप्प. दुसरं टाकलं. गप्प.

"अनंतभाऊ, हे काय?" अशोकने विचारलं.

"त्रिशूळ वाहिल्यावर महादेवाला पाठ दाखवायची नसते," अनंतराव म्हणाले. "आमच्याकडची पद्धत आहे."

अशोक विचारात पडला. त्याच्याही नावाचा त्रिशूळ वर होता आणि ते कुणाला कळू न देता त्याला पद्धत पाळायची होती. त्यामुळे तो म्हणाला की भाऊ एकटेच उलटे उतरणार हे गटाच्या दृष्टीने बरोबर नाही, आणि स्वतः उलटा झाला. नेता उलटा झाल्यावर बाकीचे सात जण सुलट कसे राहणार? सूचना क्रमांक दहा तोंडीच निघाली. नऊ निवृत्त माणसं एकामागून एक कठडा धरून, तोंड वर करून, उलट्या पावली चौरागड उतरू लागली. चढणारे लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एक नवं जोडपं अर्ध्या वाटेवरून थोडा वेळ उलटं चढून पाहत होतं, पण त्यात काही पुण्य दिसेना म्हणून त्यांनी सोडून दिलं.

सुलट एकट्या विजयाबाई होत्या. त्यामुळे रस्ता सांगायचं काम त्यांच्याकडे आलं. "पायरी, पायरी, पायरी, आता सपाट. अपर्णा, तुझ्या मागे माकड आहे, त्याला जाऊ दे."

सर्वांत मागे, म्हणजे सर्वांत वर, अनंतराव होते. शंभरेक पायऱ्या बऱ्या गेल्या. मग कठडा संपला. एका उखडलेल्या पायरीवर त्यांचा पाय हलला आणि ते मटकन खाली बसले. लागलं काही नाही, पण उठता येईना. विजयाबाई दोन पायऱ्या वर येऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"विजया," ते अगदी हळू म्हणाले, "गुडघा दुखतोय गं."

"दिवाळीपासून," विजयाबाई म्हणाल्या.

अनंतरावांनी तिच्या पोलकडे हात पुढे केला. "एक काठी दे."

"नाही देत."

"अगं, एकच."

"मला दोन्ही लागतात." विजयाबाईंनी एकदा खाली पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माझे दोन्ही गुडघे गेलेत हो. तुमच्या आधीपासून. मी माझ्यासाठीच मागवले होते पोल."

"मग माझ्यासाठी म्हणून टेबलावर कशाला ठेवलेस?"

"माझ्यासाठी म्हटलं असतं तर तुम्ही आणि अदितीने मला घरीच बसवलं असतं. तुमच्यासाठी म्हटलं की तुम्ही घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग ते वाया जाऊ नयेत म्हणून मी घेणार."

अनंतरावांनी एकेचाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण इतकं साफ काम त्यांच्या टेबलावरून कधी गेलं नव्हतं. त्यांना आधी राग आला, तो अर्ध्यावर आला तेव्हा त्याचं हसू झालं, आणि हसता हसता पुन्हा गुडघा दुखला.

"उठा," विजयाबाई म्हणाल्या. "मी एक पायरी खाली राहते. खांद्यावर हात ठेवा. दोन्ही हात ठेवा. काठ्या आहेत मला, तुमचं वजन पेलेल."

त्या वळून पुढे उभ्या राहिल्या. अनंतराव उठले, त्यांनी दोन्ही हात बायकोच्या खांद्यांवर ठेवले, तोंड सरळ उताराकडे केलं आणि मग त्यांना दिसलं. खाली आठ जण पायरीपायरीवर उभे होते, आणि सगळ्यांची तोंडं वर होती. त्यांनीच घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे. जे कुणालाच दिसू नये म्हणून एवढा लोखंडाचा खटाटोप केला, ते गटातल्या एकूण एक माणसाला, समोरून, भर उन्हात, अगदी स्वच्छ दिसत होतं.

अशोकने विचारलं, आणि त्याच्या आवाजात खरी शंका होती:

"अनंतभाऊ, हे पण पद्धतीतलंच आहे का?"

अनंतरावांकडे उत्तर तयार होतं. अर्धनारीनटेश्वरापासून सुरू होणारं, चांगलं लांबलचक. ते ओठांपर्यंत आलंही. पण हाताखाली विजयाबाईंचा खांदा होता, आणि तो दुखऱ्या गुडघ्यांवर उभा होता.

"नाही रे," ते म्हणाले. "गुडघा दुखतोय माझा. चार महिने झाले."

खालून अपर्णा म्हणाली, "माझा डावा." तिच्या खालचे चौसष्टचे गृहस्थ म्हणाले, "माझे दोन्ही, आणि मी बाहत्तर आहे." मग कुणाची टाच निघाली, कुणाचा घोटा, आणि सगळे जण एकेक करून, कुरकुरत, सुलट झाले आणि ज्याने त्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. सर्वांत पुढे अशोक उरला. त्याच्यापुढे कुणाचा खांदा नव्हता. त्याने घड्याळाकडे पाहिलं, खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि मान वळवून वर विचारलं, "माझी कंबर आहे. मी मध्ये आलो तर चालेल का?"